पानं कुजत नाहीत

स्वतःचा हात माणूस रोज बघतो. पण तोच हात चार मजले उंच होऊन चौकात उभा राहिला, तर ओळख पटायला वेळ लागतो. सकाळच्या आठ वीसच्या बसमध्ये खिडकीशी बसलेली ती त्या नव्या फलकाकडे आधी नुसतीच बघत होती, सिग्नल सुटेपर्यंत डोळ्यांना काहीतरी काम हवं म्हणून. फलकावर एक तळहात होता. बाईचा, पोक्त, नखं बुडापर्यंत कापलेली. तळहातावर काळी भुसभुशीत माती आणि त्या मातीतून वर आलेलं दोन पानांचं पोपटी रोप. अंगठ्याच्या बुडाशी करंगळीच्या नखाएवढा पांढुरका चट्टा. त्या चट्ट्यावर नजर गेली आणि तिचा उजवा हात आपोआप पर्सखाली सरकला, चोरी पकडली गेल्यासारखा. प्रयोगशाळेतल्या भट्टीचं दार उघडताना चटका बसला होता, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा कुणी फुंकरसुद्धा घातली नव्हती, आणि आता तो चट्टा अख्ख्या शहरानं बघावा असा रंगवून टांगला होता. रोप मात्र तिच्या हातावर नव्हतंच कधी. ते मागाहून कुणीतरी चिकटवलं होतं. हाताखाली ठळक अक्षरं होती : 'आमच्या शेजारचं जंगल आज सव्वातेवीस टक्के जास्त कार्बन साठवतं. निर्धास्त श्वास घ्या.' आणि त्याखाली खत कारखान्याची खूण, एक हिरवं पान. बस हलली. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" ती म्हणाली, "नाही, नाही, ठीक आहे," आणि आपला थांबा कधी मागे गेला ते तिला कळलंच नाही.

दोन थांबे पुढे उतरून ती उलटी चालत आली. उशीर होण्याची तिला सवय नव्हती. प्रयोगशाळेत तिला सगळे तराजूबाई म्हणत, अगदी हजेरीच्या वहीवर सही घेणारा शिपाईसुद्धा, आणि तिला स्वतःलाही कधीकधी फोनवर खरं नाव सांगताना दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटे. बावीस वर्षं ती माती तोलत होती. ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवणारा काटेकोर तराजू, त्याच्या काचेच्या पेटीसमोर श्वास रोखून बसायचं, कारण श्वासानंसुद्धा आकडा हलतो. त्यामुळे तिला जगात दोनच प्रकारची माणसं दिसत : श्वास रोखता येणारी आणि न येणारी. नवरा दुसऱ्या प्रकारातला होता. आणि लेक? लेक लहान असताना पहिल्या प्रकारातली होती. शाळेला सुट्टी असली की प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसायची, दोन्ही गाल फुगवून, डोळे विस्फारून, आई तोलत असताना एक अक्षर बोलायची नाही. आकडा स्थिर झाला की मग 'झालं?' असं कुजबुजायची. सव्वातेवीस. चालता चालता तिनं तो आकडा पुन्हा मनात म्हणून पाहिला. दुसऱ्या कुणाला तो नुसता आकडा वाटला असता. तिला त्याच्या पोटातल्या अकराशे बावन्न पुड्या दिसत होत्या, प्रत्येक पुडीवर तिच्या अक्षरातला क्रमांक.

जंगल शहरापासून दीड तासावर होतं, कारखान्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या वाटेवर. तिथे सहा चौकोन आखलेले होते, तीस पावलं लांब, तीस पावलं रुंद, भोवती पिवळी दोरी. तीन चौकोनांना दर महिन्याला साधं पाणी, तीन चौकोनांना अमोनियम नायट्रेट विरघळवलेलं पाणी. पहिल्या वर्षी पाठीवर पंप घेऊन ती आणि तिच्या संशोधन संस्थेतले सर, हा प्रयोग ज्यांचा ते, दोघंच फवारत. सर तेव्हा तरुण होते, डोक्यावर केस होते, आणि ते तिच्याशी बोलत तेव्हा 'आपण' म्हणत. "बाई, कारखान्यांच्या धुराड्यांतून, मोटारींच्या मागून, शेतांवरून जो नायट्रोजन हवेत जातो तो हवेत राहत नाही. कुठेतरी पडणारच. पडतो तो जंगलावर. आपण तोच जरा जास्त, जरा घाईनं पाडून बघायचा. पन्नास वर्षांनी काय होणार ते वीस वर्षांत कळेल." तिला वाटलं होतं, खतच तर आहे, जंगल फोफावेल. आणि पहिली काही वर्षं तसंच झालं. त्या तीन चौकोनांतली पानं गडद हिरवी, रुंद, तेल लावल्यासारखी. ती घरी येऊन नवऱ्याला सांगायची तेव्हा नवरा म्हणायचा, "मग आपल्या कुंडीतपण टाक की थोडं." सातव्या वर्षी पाय रुतायला लागला. साध्या पाण्याच्या चौकोनात पानगळीचा थर दोन बोटं असायचा, खाली लगेच काळी माती, ओलसर वासाची, हाताला मऊ. खताच्या चौकोनात पाय घोट्यापर्यंत पानांत जायचा. वरची पानं यंदाची, त्याखाली गेल्या वर्षीची, त्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीची, सगळी तपकिरी, सगळी शाबूत. पानावर पान, वर्षावर वर्ष. मोजता आली असती वर्षं.

तिनं जाळीच्या पिशव्यांत पानं भरून पुरली होती, तीही आठवली. तीन वर्षांनी उकरल्या. साध्या चौकोनातल्या पिशव्यांत शिरांची जाळी उरली होती, बोटानं धरताच विरून जाणारी. खताच्या चौकोनातलं पान तिनं काढलं तर ते चामड्यासारखं वाजलं. वाजलं म्हणजे खरंच वाजलं, बोटांत वाकवल्यावर. तिला त्या आवाजानं शिसारी आली होती. कुजकं हातात आलं तर तिला कधी काही वाटत नसे, कुजण्याची तिला सवय होती, कुजणं म्हणजे काम चालू असणं. हे काम थांबलेलं होतं. सरांनी समजावलं, त्यांच्या तेव्हाच्या पद्धतीनं, हातवारे करत, "लाकडातला, पानांतला कठीण भाग फोडायचं काम बुरशीचं. पांढरे धागे असतात बघा मातीत, ते. त्यातला नायट्रोजन मिळवायचा म्हणून तर ती एवढी मेहनत घेते. आता वरून आयतं पडतंय. आयतं मिळाल्यावर दळण कोण दळणार?" दोघं हसले होते त्यावर. नंतर धागे मोजायची वेळ आली तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तिला धागे शोधावे लागले. निम्म्याहून कमी उरले होते. माती आंबट झाली होती, आम्लता दरवर्षी थोडी वर सरकत होती. वाफ्याएवढ्या जागेत पूर्वी चाळीस-चाळीस रोपं उगवायची, तिथे एक-दोन, तीही पानांच्या गादीत मूळ खाली पोचण्याआधी वाळून जाणारी. ती हे सगळं लिहीत होती. पंपही तीच मारत होती. कधीतरी, दहाव्या की अकराव्या वर्षी, पंपाचा दांडा हलवता हलवता तिच्या मनात आलं होतं की हे जंगल कारखान्यानं मारलं तर पन्नास वर्षांत मारेल, आणि या तीन चौकोनांना मात्र मी माझ्या हातानं मारलं. तो विचार तिनं कुणाला सांगितला नाही. सांगण्यासारखा नव्हता, आणि महिन्याचा पुढचा फवारा आठ दिवसांवर होता.

आकडा आला तो असा. सगळी माती वाळवून, चाळून, चिमट्यानं मुळं वेचून, तोलून, भट्टीत जाळून, पुन्हा तोलून. जळून जे वजन कमी झालं तो सेंद्रिय अंश, कार्बन त्यातच असतो. खताच्या चौकोनांत तो सव्वातेवीस टक्के जास्त निघाला. पण मग सरांच्या सांगण्यावरून तिनं तीच माती एका जड द्रवात ढवळून ठेवली. जे वर तरंगलं ते न कुजलेलं, कच्चं, पानाकाडीचा भुगा. जे खाली बसलं ते मातीच्या कणांना धरून बसलेलं, मुरलेलं, शेकडो वर्षं टिकणारं. सगळी वाढ वर तरंगणारी होती. खालची वाढ शून्य. शून्याच्याही थोडी खाली. अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानावर सरांनी एकच लांबलचक वाक्य लिहिलं होतं, तिनंच ते टाइप केलं होतं म्हणून तिला पाठ होतं : 'सेंद्रिय अंशात सव्वातेवीस टक्के वाढ आढळली, परंतु ही वाढ संपूर्णतः न कुजलेल्या हलक्या भागात असून, टिकाऊ भाग घटला आहे, बुरशी निम्म्यावर आली आहे व जंगलाचे पुनरुज्जीवन थांबण्याच्या मार्गावर आहे.' 'वाढ आढळली'च्या पुढे स्वल्पविराम होता. फलकवाल्यांनी तो काढून पूर्णविराम दिला होता.

सरांच्या खोलीत आता गालिचा होता. ती चपला दाराशी काढून आत गेली, हे आत गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "या बाई. पाहिलात वाटतं फलक."

"तुम्हाला माहीत होतं?"

"विचारून केलंय त्यांनी. बसा तुम्ही."

ती बसली नाही. "सर, आपला आकडा तसा नाही."

"आकडा खोटा आहे का?"

"खोटा नाही, पण—"

"मग?" सर शांतपणे म्हणाले. "आकडा खरा आहे. तुमचा आहे, म्हणजे खराच असणार. वाक्य कुठे संपवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपण आपलं पूर्ण वाक्य छापलंय. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं."

"कोण वाचतं सर एकेचाळिसावं पान?"

सरांनी टेबलावरचा कागदाचा गठ्ठा नीट केला, तो नीटच होता तरी. "पुढच्या वर्षापासून आपले चौकोन बंद होणार होते, हे तुम्हाला माहीत नाही. भट्टी, तराजू, तुम्ही, सगळं. आता खताची कंपनी पुढची दहा वर्षं चालवणार आहे. दहा वर्षं, बाई. बत्तीस वर्षांची सलग नोंद जगात कितीजणांकडे असेल? चांगल्या कामासाठी थोडं वाकावं लागतं." आणि मग, आवाज खाली आणून, जणू हे तिच्याच भल्यासाठी, "शिवाय यात तुमची मुलगी आहे. मला वाटलं घरात बोलणं झालं असेल."

घरात बोलणं झालं नव्हतं. लेक खत कारखान्याच्या जनसंपर्क विभागात होती हे खरं, पण जनसंपर्क म्हणजे काय हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. कारखान्याच्या बागेत फुलझाडं लावताना पाहुण्यांचे फोटो काढणं, शाळांना वह्या वाटणं, असं काहीतरी. गेल्या वर्षी लेक एका रविवारी हौसेनं तिच्याबरोबर जंगलात आली होती. कधी नव्हे ते. "आई, हात पुढे कर. नाही, असा नको, मोकळा ठेव. माती जरा जास्त घे." ती लाजली होती, हात धुऊन येते म्हणाली होती, लेक म्हणाली, "नको, असाच हवा. कामाचा हात." परतताना दोघींनी झाडाखाली बसून डब्यातलं खाल्लं आणि लेकीनं तिला पहिल्यांदाच विचारलं की मातीचं नेमकं काय करता तुम्ही. ती दीड तास बोलली होती. बसमध्ये बोलली, बसमधून उतरल्यावर बोलली, जिना चढताना बोलली. नवऱ्यानं दार उघडलं तेव्हाही बोलतच होती. त्या दिवशी ती इतकी सुखात झोपली होती की सकाळी उठल्यावर तिला आधी कळेना, काय चांगलं झालंय आपलं. आता प्रयोगशाळेत, भट्टीपाशी उभं राहून, पारा चढताना बघत तिनं तो सगळा रविवार पुन्हा हातात घेतला आणि उलटापालटा करून पाहिला. वरून तो अजून तसाच होता.

संध्याकाळी नवरा खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसला होता. फोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो शब्द शोधत असे, आणि सापडला की घरभर सांगत असे. लेक आधीच येऊन बसलेली, पाय खुर्चीवर घेऊन, हातात चहाचा कप. आईला दारात बघताच ती उठली. चेहरा उजळलेला. तेच तर भयंकर होतं, की चेहरा खरंच उजळलेला होता.

"पाहिलास? आज लागला! मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुला सरप्राइज म्हणून. तुझ्या बसच्या रस्त्यावरच घ्यायला लावला मी, त्यांना दुसरा चौक हवा होता."

ती पर्स खुंटीला लावत राहिली. "पुढचं वाक्य कुठे गेलं?"

"कुठलं पुढचं?"

"स्वल्पविरामानंतरचं."

लेकीला कळलं. लगेच कळलं, म्हणजे तिनं ते वाचलं होतं. सगळ्या जगात एकेचाळिसावं पान वाचलेलं एकच माणूस होतं आणि ते आपल्या पोटचं होतं, हे आईच्या मनात आलं आणि क्षणभर तिला, लाज वाटावी असा, अभिमानही वाटला.

"आई, फलकावर एवढं मावत नाही," लेक म्हणाली.

"मग लिहायचं नव्हतं."

"मग दुसरं कुणीतरी लिहिलं असतं. दुसरा आकडा, दुसऱ्या कुणाचा. मी म्हटलं निदान खरा आकडा घेऊ. माझ्या आईचा. बावीस वर्षं तुझं नाव कुठल्या कागदावर आलंय सांग? मागच्या पानावर, बारीक अक्षरात, 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार'. तेही नाव नाही, नुसतं साहाय्य. तुझ्या त्या सरांनी केलं का काही? मी केलं. तुझा हात शहरभर लावला मी."

"त्या हातावर रोप नव्हतं."

"अगं, ते नुसतं—" लेकीनं कप खाली ठेवला. "मला वाटलं तुला आनंद होईल."

नवऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "आकडा खरा आहे ना? तुम्हा दोघींचं एकमत आहे ना त्यावर? मग भांडण कशाचं आहे मला कळत नाही. बाहेर लोक खोट्या आकड्यांवरून भांडतात, माझ्या घरात खऱ्यावरून." कुणी हसलं नाही तेव्हा त्यानं पुन्हा कोड्यात मान घातली. या माणसानं आयुष्यभर प्रत्येक भांडणात असंच काहीतरी मऊ टाकलं होतं आणि प्रत्येक भांडण त्याखाली तसंच्या तसं राहिलं होतं. लेक पाच वर्षांची असताना तापानं फणफणली होती आणि आई जंगलात होती, फवाऱ्याचा दिवस चुकवून चालणार नव्हतं म्हणून. परतली तेव्हा लेक इंजेक्शन घेऊन झोपलेली, घट्ट मिटलेले डोळे, ओठ आत ओढलेले. नवरा म्हणाला होता, "काही नाही गं, रडलीसुद्धा नाही." त्यावर कधीच कुणी बोललं नाही. तिला वाटे, लेक विसरली असेल. आता लेकीनं खिडकीकडे तोंड करून म्हटलं, "तुला माहितीये, मी लहानपणी कुणी विचारलं तर सांगायचे, माझी आई मातीची डॉक्टर आहे. मातीला बरं नव्हतं म्हणून तू जायचीस ना, मला टाकून." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सुनावणी पंधरा दिवसांनी होती. कारखान्याचा दुसरा विभाग उभारायचा होता, पहिल्याच्या दुप्पट, आणि त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचा नियम होता. सरांचा रक्तदाब वाढला. ते येऊ शकणार नव्हते. संस्थेतर्फे कुणीतरी हवं म्हणून त्यांनी पत्रावर तिचं नाव घातलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा छापील अक्षरांत, पूर्ण, आडनावासकट. लेकीला तिनं आदल्या दिवशी सांगितलं, "मी बोलणार आहे." लेक म्हणाली, "बोल. तुला वाटेल ते बोल. मी अडवणार नाही." यापेक्षा तिनं आकांडतांडव केलं असतं, पाया पडली असती, नोकरी जाईल म्हणाली असती, तर सोपं गेलं असतं. नोकरी जाईल हे दोघींना माहीत होतं. ते न बोलता लेकीनं ते आईच्या ताटात वाढून ठेवलं. आईनं कागदावर चार वाक्यं लिहिली. चौथं वाक्य तीनदा खोडलं. मग तो कागद घडी करून पर्समध्ये, आतल्या कप्प्यात, गोळ्यांच्या पाकिटाजवळ ठेवला.

शाळेचं सभागृह होतं. लाकडी व्यासपीठ, त्यावर तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीवर सुनावणीचे अधिकारी, सर्दी झालेले, रुमाल हातात धरूनच बसलेले. कंपनीची माणसं डावीकडे, इस्त्रीच्या शर्टांत, त्यांच्या मागे उभी लेक, हातात पाण्याच्या बाटल्या, लोकांना देत फिरणारी. तराजूबाई मागून चौथ्या रांगेत बसली. कुणी रोजगाराबद्दल बोललं, कुणी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल, त्याचा इथे संबंध नाही असं अधिकाऱ्यांनी दोनदा सांगूनही. मग जंगलकाठच्या, कारखान्याला अगदी लागून असलेल्या वस्तीतली एक बाई उठली. साठीची असेल, अंगानं बारकी, डोक्याला रुमाल बांधलेला. तिनं ध्वनिवर्धक हातात घेतला नाही, नुसतंच मोठ्यानं बोलली.

"मी अळंबी गोळा करते. माझी आई करायची, तिची आई करायची. त्यावर आमचं चालायचं. आता सात-आठ वर्षं अळंबी येत नाहीत. आधी वाटलं पाऊस कमी. पाऊस झाला तरी नाहीत. खाली नुसती पानं. तीन वर्षांपूर्वीचं पान हातात येतं, जसंच्या तसं. पानं कुजत नाहीत साहेब. मी आयुष्यात असं पाहिलं नाही. कंपनीचा बोर्ड म्हणतो जंगल चांगलं झालं. असेल, आम्ही शिकलेलो नाही. पण पानं का कुजत नाहीत, ते कुणाला तरी माहीत असेल ना? तेवढं सांगा. बाकी आमचं काही म्हणणं नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावून समोरचा कागद पाहिला. "संस्थेचे प्रतिनिधी आहेत का?" आणि डावीकडच्या इस्त्रीच्या शर्टांपैकी एकजण तत्परतेनं उठून म्हणाला, "आहेत साहेब. ज्यांनी स्वतः मोजलं त्याच आहेत."

ती उठली. खुर्च्यांच्या रांगांमधून पुढे जाताना तिला वाटलं, सगळं शहर चार मजले उंचीवरून आपल्याकडे बघतंय. ध्वनिवर्धक तिच्या उंचीसाठी खाली केला गेला, त्यात करकर झाली. अळंबीवाली बाई अजून उभीच होती, दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, आणि तिच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता, डॉक्टरकडे बघतात तसं ती बघत होती. तराजूबाईनं पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं, मग कागद.

"फलकावरचा सव्वातेवीस टक्क्यांचा आकडा तुम्ही मोजलेला आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"तो बरोबर आहे?"

"हो."

"यापुढे आणखी काही सांगायचंय?"

काहीच नाही तर निदान एवढं तरी : विचारलं होतं त्यांनी. नंतर कितीही वेळा तिनं तो क्षण आठवला तरी त्यातून हे वजा करता आलं नाही. कुणी तिचं तोंड दाबलं नव्हतं, वेळ संपली नव्हती, ध्वनिवर्धक बंद पडला नव्हता. अधिकाऱ्यांनी पेन उचललं होतं, लिहून घ्यायला. तिच्या हातात चार वाक्यं होती, पहिल्याचा पहिला शब्द 'परंतु' होता. तिनं डावीकडे पाहिलं. लेक भिंतीशी उभी होती, बाटल्या छातीशी धरून. तिनं डोळे घट्ट मिटले होते आणि ओठ आत ओढले होते. श्वास रोखला होता. सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता आणि त्या आवाजात आईला आपला स्वतःचा श्वास ऐकू आला, आत, बाहेर, आत. मग तिचा आवाज म्हणाला, "नाही." कागद पर्समध्ये गेला. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. डावीकडून टाळ्या वाजल्या, मोजक्या, शिष्टाचाराच्या, आणि त्यानंतर कुणाचंही म्हणणं ऐकायचं राहिलं नाही.

बाहेर पटांगणात ऊन होतं. लेक धावत आली आणि तिनं तिला मिठी मारली, गच्च, इतकी गच्च की पर्सचा बंद खांद्याला रुतला. किती वर्षांनी. "आई," ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. ती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हात फिरवणं जमत होतं. आतून मात्र काही येत नव्हतं. दुःखही नाही आणि सुटकाही नाही. तिला वाटलं होतं निदान एवढ्यासाठी तरी आपण हे विकत घेतलं. लेकीच्या केसांना शाम्पूचा वास होता. कुणीतरी हाक मारली, "मॅडम, फोटो!" आणि लेक डोळे पुसत, हसत, "आलेच," म्हणून वळली, जाताना तिनं आईचा हात दाबला.

अळंबीवाली फाटकाशी थांबली होती. तिच्याबरोबर वस्तीतल्या आणखी दोघी होत्या, त्या पुढे निघाल्या होत्या, ही मागे राहिली होती. ती जवळ आली, आणि तिनं हात जोडले.

"बाई, बरं झालं तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत. नाहीतर बोर्डावर काय, कुणी काहीही लिहितं. तुम्ही मोजलंय म्हणालात म्हणजे झालं. एवढी वर्षं मोजताय." ती जराशी हसली, अवघडल्यासारखी. "मग आमचंच काहीतरी चुकत असेल. वय झालं, नजर गेली. आईला नुसत्या वासावरनं कळायचं कुठे उगवलीत ते. मला शोधताच येत नाहीत." तिनं रुमालाचं टोक सोडलं, पुन्हा बांधलं. "येतील का हो पुन्हा?"

सांगायला आता कुणीही अडवत नव्हतं. फाटकाशी दोघीच होत्या, लेक लांब होती, फोटोसाठी उभी राहिलेली. तीच चार वाक्यं, फाटकाशी, ध्वनिवर्धकाशिवाय, या एका बाईला. पण ती सांगायची तर आतमध्ये का सांगितली नाहीत तेही सांगावं लागलं असतं. बाई उत्तराची वाट बघत होती, मान थोडी पुढे काढून.

"येतील," तराजूबाई म्हणाली. "थोडा धीर धरा. येतील."

बाईचा चेहरा सैलावला. "देव तुमचं भलं करो," ती म्हणाली, आणि पुढे गेलेल्या दोघींना गाठायला लगबगीनं निघाली. चार पावलांवरूनच तिनं त्यांना ओरडून सांगितलं, "अगं, येणार आहेत! मोजणाऱ्या बाई सांगतायत!"